स्टोजानच्या गावाची वही

केजच्या शाळेत मी रुजू झाले आणि भाड्याची खोली बघायला सरांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी मला लग्नाचं विचारलं नाही, जात विचारली नाही, खोलीत स्वयंपाक करणार का, तेही नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, तुमच्या खापरपणज्याचं नाव काय?"

मला पणजोबांचंही नाव येत नव्हतं. आजोबांपाशी माझी गाडी थांबली. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, खोली काही मिळत नाही. मग ते आत तोंड करून बायकोला म्हणाले, "अगं, यांना च्या टाक. एकट्याच आल्यात, मागं कुणीच न्हाई."

लातूरला माझे आईवडील, दोन भाऊ, तीन मावश्या असा गोतावळा होता. मागं कुणी नाही म्हणजे पूर्वज नाहीत, हे कळायला मला महिनाभर लागला.

सर त्याच शाळेत इतिहास शिकवायचे, मी इंग्रजी. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांचं घराणं भाटाचं. भाट म्हणजे लोकांच्या वंशावळी सांभाळणारा. त्याने दर तीन-चार वर्षांनी वही घेऊन यजमानाच्या दारात जायचं, घोंगडीवर बसायचं, घरच्या सगळ्यांना समोर बसवून मूळ पुरुषापासून नावं वाचायची, आणि मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गेलं ते लिहून घ्यायचं. सरांचे वडील जन्मभर असे फिरले. सर शिकून मास्तर झाले, आणि घरच्या वह्या धाकट्या भावाच्या वाट्याला गेल्या. वहीविना भाट काय करणार? सरांनी स्वतःपुरते नवे यजमान शोधले. जवळपास कुठे नाही, एकदम बाल्कनमध्ये, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या एका नदीकाठच्या छोट्या गावात.

त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. सरांनी लिहिलंय तसं लिहिलं तर ते नकाशात सापडणार नाही, आणि नकाशात आहे तसं लिहिलं तर सर ऐकून घेणार नाहीत.

झालं ते असं. तरुणपणी सरांनी इंग्रजी सुधारावं म्हणून एका मासिकातून पत्रमित्राचा पत्ता उचलला. पलीकडे निघाला स्टोजान, त्या गावातला शाळामास्तर, यांच्याच वयाचा. त्याने पहिल्या पत्रात रीतीप्रमाणे विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं? सरांनी मनापासून चौदा पिढ्या लिहून पाठवल्या. दोन महिन्यांनी उत्तर आलं: आमच्याकडे मी, माझे वडील, माझे आजोबा आणि एक घोडा. घोड्याचं नाव दिलं होतं.

हे सांगताना सर अजून कळवळायचे. "तीन पिढ्या अन् एक घोडा! मास्तर माणूस मॅडम, अन् घोड्याचं नाव ठावं, पणज्याचं न्हाई! मी लिवलं त्याला, बापाला इचार की बाबा. म्हातारा हाय तवर इचारून घे."

स्टोजानने बापाला विचारलं. बापाने शेजारच्या म्हातारीकडे पाठवलं, म्हातारीने पाद्र्याकडे, पाद्र्याने पलीकडच्या आळीतल्या मशिदीच्या हाफिजाकडे. असं करत करत तो भला माणूस आपल्याच गावात घरोघर फिरायला लागला. का, तर केज नावाच्या ठिकाणी एक मास्तर आहे आणि त्याला हे सगळं हवंय. लोक आधी हसले. मग स्टोजान येताना दिसला की दारात खुर्ची टाकायला लागले. तेरा वर्षं ही पत्रं चालली. त्या गावात दोन तऱ्हेची चर्चं होती आणि मशीदही होती, म्हणून स्टोजानने एकदा विचारलं, वेगवेगळ्या वह्या करायच्या का? सरांनी उलट टपाली विचारलं, तुमच्या नदीवर पूल किती? एकच ना? मग वहीपण एकच. ती एक वही फुगून पुढे अकरा झाल्या, ते सोडा.

या अकरा वह्या सरांच्या कपाटात लाल फडक्यात बांधलेल्या असत. पण सरांना त्या उघडाव्या लागतच नसत. पूल ओलांडला की डाव्या हाताला पिठाच्या गिरणीवाल्याचं घर, पुढे चांभाराचं, मग भांडून वेगळे झालेल्या दोन भावांचं, मधे भिंत. प्रत्येक घरातली माणसं, त्यांचे बाप, बापांचे बाप. भाजी निवडता निवडता सर पुलापासून कब्रस्तानापर्यंत जाऊन येत. मी सुरुवातीला हे सगळं थट्टेवारी नेलं. एकदा शिक्षकखोलीत मी त्यांना मुद्दाम चुकवायला मधलंच एक घर विचारलं. त्यांनी ते घर सांगितलं, वर त्या घरातल्या सुनेचं माहेर कुठल्या आळीत तेही सांगितलं.

केजमध्ये सगळ्यांना ते गाव माहीत झालं होतं. स्टँडवरचा कंडक्टर सरांना म्हणायचा, "सर, तुमच्या गावाची गाडी आजबी लागली न्हाई बगा." दिवाळीच्या आसपास सरांचा अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जायचा. उरलेल्या पोरांना सर सांगायचे, "तिकडंबी असंच हाय. तरणे गडी कामाला जर्मनीत, अन् गावात निस्ती म्हातारी. तोडच हाय ती, कारखाना तेवढा लांब." स्टोजानला त्यांनी यावर जे पत्र लिहिलं त्याची कार्बन कॉपी मी वाचलीय. त्यात सरांनी विचारलं होतं की तुमच्याकडे मुकादम कोण असतो, गडी जोडीने जातात की एकेकटे, आणि मागे लेकरं कुणापाशी ठेवतात. स्टोजानने सगळ्याला उत्तर दिलं होतं. मुकादमाबद्दलच्या प्रश्नालासुद्धा.

एकदाच त्या पत्रव्यवहारात खंड पडला. भाटाच्या वहीत बायका नसतात. बाप, मुलगा, नातू, एवढंच. स्टोजानच्या बायकोला हे कळलं तेव्हा तिने नवऱ्याला बजावलं, माझ्या टेबलावर बसून ज्या वहीत मी नाही ती लिहायची नाही. पाच महिने पत्र नाही. सर हैराण. "वहिनी ऐकतच न्हाई मॅडम," ते मला सांगायचे, जणू परवाचीच गोष्ट. शेवटी सरांनी हार मानली आणि त्या गावातल्या सगळ्या आया, बायका, लेकी वहीत आल्या. याचा परिणाम केजमध्येही झाला. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, हे ऐकलं आणि कमरेला पदर खोचून विचारलं, "अन् मी? मी कुठल्या वहीत हाय?" सरांना धाकट्या भावाकडे जाऊन, त्याच्याशी भांडून, घरच्या वहीत बायकोचं नाव घालावं लागलं. भाऊ वर्षभर बोलत नव्हता. काकू मात्र त्या न पाहिलेल्या बाईला कायम थोरल्या जावेचा मान द्यायच्या.

मग तिकडे लढाई पेटली आणि पत्रं थांबली. सरांची पत्रं परत यायला लागली. सात पत्रं परत आली. ती त्यांनी फोडली नाहीत, तशीच वह्यांत ठेवली. पेपरात त्या गावाचं नाव एकदाच आलं म्हणे, दोन ओळींत. त्या ओळींत काय होतं ते सरांनी मला कधी सांगितलं नाही.

मी आपली शहाणी. खोलीत राहायला लागून तीन-चार वर्षं झाली होती, सरांशी चांगलं जमलं होतं. एकदा म्हटलं, "सर, आता इंटरनेटवर लढाईतल्या मयतांच्या याद्या असतात. स्टोजानचं नाव शोधू का?"

सर माझ्यावर चिडलेले मी तेवढेच पाहिले. "यादी काय घरचं माणूस हाय का? मयत लिवायचं तर घरच्याच्या तोंडून ऐकायचं. शेजाऱ्याचं ऐकून न्हाई, पेपरात वाचून न्हाई. आमच्या बापानं असं लिवलं न्हाई, मी बी लिवणार न्हाई. धाकट्याच्या वहीत एक गडी घर सोडून गेलता, त्याला शंभर वर्सं झाली. कुणी येऊन सांगितलं न्हाई, म्हणून तो अजून हयात हाय. माझ्या वहीत स्टोजान हयात हाय."

हे बोलून त्यांनी कपाट उघडलं आणि लाल फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली. तेव्हा मला कळलं की माणूस वेडा नाही. त्याला सगळं ठाऊक आहे. फक्त कुणी येऊन सांगेपर्यंत त्याने दार लावून घेतलंय. त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा केली नाही. मला त्यांचा धाकच वाटायला लागला.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटल्यावर शाळेच्या पत्त्यावर त्यांच्या नावाने एक परदेशी पत्र आलं. मुख्याध्यापकांनी ते माझ्या हातात ठेवलं. लिहिणारी होती मीरा, स्टोजानची मुलगी. हो, मीराच. त्यांच्यातही हे नाव असतं. लढाईच्या वेळी ती लहान होती. एका सकाळी हत्यारबंद माणसं आली आणि आळीतल्या पुरुषांना घेऊन गेली. वडील त्यात होते. पुन्हा त्यांचा ठावठिकाणा लागला नाही. गावच्या कचेरीला आग लागली, त्यात जन्ममृत्यूची सगळी दप्तरं गेली. माणसं देशोदेशी पांगली. आता उरलेले लोक फोनवर एकमेकांना शोधून गावातल्या माणसांची यादी करत होते, पण प्रत्येकाला आपल्या आजोबांपर्यंतच नावं येत होती. आईच्या पिशवीत केजचा पत्ता असलेलं एक पाकीट मिळालं. मीराने विचारलं होतं, आमच्या गावाची नावं तुमच्याकडे आहेत असं आई म्हणते, ते खरं आहे का?

सरांनी पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "या म्हणावं." जरा वेळाने म्हणाले, "सावकाश या म्हणावं. घाई न्हाई."

मला त्यांची भीती लख्ख दिसली. येणारी बाई घरचं माणूस होती. तिने तोंड उघडलं की सरांना लिहावं लागणार होतं.

मीरा माघात आली. चाळिशीची, उंच, अबोल. तीन दिवस सरांच्याच घरी राहिली. भाकरी, पिठलं, ठेचा सगळं खाल्लं आणि ठेच्याने रडली तेव्हा काकूंना ती फार आवडली. पहिल्या संध्याकाळी तिने मला गच्चीवर सांगितलं, "आईने आजवर वडील गेले असं म्हटलेलं नाही. सरकारी कागदावर सही केली नाही. तीस वर्षं झाली. ती म्हणत नाही, म्हणून मलाही म्हणता आलं नाही."

पहिला दिवस सरांनी तिला केज दाखवण्यात घालवला. तहसील कचेरी, बाजार, ज्या पोस्टाच्या पेटीत पत्रं टाकली ती पेटी. मधे त्यांनी "स्टोजान" असं म्हटलं तर मीरा गोंधळली. मग म्हणाली, "स्टोयान?" त्यांच्या लिपीत जे अक्षर इंग्रजी j-सारखं दिसतं, त्याचा उच्चार य होतो, हे सरांना कधी कळलंच नव्हतं. कळणार कुठून, सगळं कागदावर! सर रस्त्यातच थांबले. "म्हंजी आमी जल्मभर मित्राला चुकीच्या नावानं हाका मारल्या," ते म्हणाले. हा ज जेवणातला की जहाजातला, यावर त्यांनी कधीकाळी आठ दिवस विचार केला होता. वही दुरुस्त करू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मीरा घाईघाईने म्हणाली, नको, राहू द्या. तुमच्याकडे तो स्टोजानच असू द्या.

दुसऱ्या दिवशी वह्या निघाल्या. सरांनी घोंगडी अंथरली, धोतर नेसले, फेटा बांधला. मीराने आपला फोन तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत माणसं होती. जर्मनीतली, स्वीडनमधली, एक कुटुंब तर ऑस्ट्रेलियातलं. सगळी त्या गावची. आपल्याकडे दुपार, युरोपात सकाळ, ऑस्ट्रेलियात संध्याकाळ. स्वयंपाकघरं दिसत होती, एका म्हातारीच्या मांडीवर मांजर होतं.

सरांनी खाकरून पुलापासून सुरुवात केली. भाटाच्या चालीत, एकेक नाव ओढून. जोवान, त्याचा पुत्र जाकोव, त्याची भार्या जेलेना. सगळ्या य चे ज झालेले. पडद्यावर पहिल्यांदा हसू फुटलं. लोक एकमेकांना हाका मारून सांगायला लागले, ऐका, ऐका, हा आजीला काय म्हणतोय! सर थांबले नाहीत. दुसरी पिढी, तिसरी, चौथी. हळूहळू हसणं थांबलं. एका जाड्या माणसाने तोंडावर हात ठेवला. ज्या नावापर्यंत त्यांच्यातलं कुणी पोचलं नव्हतं ते नाव केजमध्ये घोंगडीवर बसलेला एक माणूस न बघता म्हणत होता. घरामागून घर, आळीमागून आळी. चर्चची माणसं, मशिदीची माणसं, ज्या क्रमाने पूल ओलांडल्यावर लागतात त्याच क्रमाने. आता एकमेकांशी न बोलणारी घरंही तिथे शेजारी शेजारीच होती. मधेच एका म्हाताऱ्याने काही विचारलं आणि मीरा हसली. स्टोजानच्या आजोबांचा घोडा लिहिलाय का, असं तो विचारत होता. "लिवलाय की!" सर रागावून म्हणाले, आणि नाव सांगितलं.

मी पंधरा वर्षं ज्या माणसाच्या घरात राहिले त्याला त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं. देशोदेशी पांगलेलं एक अख्खं गाव या माणसाने, तिथे एकदाही न जाता, कपाटात सांभाळलं होतं. आपण कधीकाळी त्यांना चुकवायला गेलो होतो याची लाज वाटली.

पण माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पुलानंतरचं सातवं घर सरांनी सोडलं होतं. "ते मागून," असं पुटपुटून ते पुढे गेले. दुसरा दिवस संपला, तिसऱ्याची दुपार झाली. मीराची गाडी पाच वाजता येणार होती. गाव संपलं, कब्रस्तान आलं. वाचायचं एकच घर राहिलं. सरांनी पाणी मागितलं. पुन्हा पाणी मागितलं. मग वही उघडली आणि यावेळी मात्र वहीत बघून वाचलं. मूळ पुरुषापासून खाली येत घोड्याचे धनी ते आजोबा, त्यांचा पुत्र, त्याचा पुत्र स्टोजान, भार्या, कन्या मीरा. पुढे स्टोजानच्या नावासमोरचा शब्द वाचला, "हयात," आणि वही पटकन मिटली. "झालं. मॅडम, गाडीची येळ झाली का बगा."

अजून दीड तास होता. मीराने त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. तिने तो पडद्यावरच्यांना त्यांच्या भाषेत सांगितला.

सरांनी तिच्याकडे न बघता मला म्हटलं, "तिला इचारा, त्यांच्या घरात थोरलं कोण हाय."

"आई," मीरा म्हणाली.

"मग थोरल्यानं सांगायचं असतंय. लेकीनं न्हाई." हे म्हणताना सर सुटल्यासारखे दिसले. आई म्हणत नाही, हे मीच त्यांच्या कानावर घातलं होतं.

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. मांजर मांडीवर घेतलेली ती म्हातारी, मीराची आई, दोन दिवस एक शब्द बोलली नव्हती. मीराने इंग्रजीत सांगितलं आणि मी मराठीत. ती विचारत होती, त्याच्यापुढे काय लिहिलंय ते पुन्हा सांगा.

सर वाकून फोनजवळ गेले. "हयात हाय, वहिनी."

म्हातारी बराच वेळ मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग हळू एक वाक्य बोलली. मीराने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मी विचारलं, काय म्हणाल्या? तर हातांच्या आतूनच ती म्हणाली, "बदला म्हणतेय. इतकी वर्षं तुम्ही एकट्याने धरून ठेवलंत, आता सोडा म्हणतेय."

सरांनी पेन उघडलं. एकदम त्यांना काही आठवलं आणि ते ताठ झाले. "तिथी इचारा, मॅडम. तिथीबिगर मयत लिवता येत न्हाई. तो कायदाच हाय."

तिथी कुणाला ठाऊक असणार? नेलं ती सकाळ माहीत होती. पुढचं कुणालाच नाही. मी विचारायला कचरले, पण सर माझ्याकडे बघत होते, म्हणून मीराला विचारलं आणि मीराने आईला. म्हातारीने विचारही केला नाही. एकच शब्द बोलली.

"आजची," मीरा म्हणाली.

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. माघ वद्य नवमी. त्यांनी ती स्वच्छ अक्षरात लिहिली, शाई वाळू दिली, वही लाल फडक्यात बांधली. मग उठले आणि फेट्यासकट, धोतरासकट मागच्या अंगणात न्हाणीच्या दगडावर जाऊन बसले. काकूंनी काही न विचारता बादली उचलली आणि त्यांच्या डोक्यावरून पाणी ओतलं. सर लहान मुलासारखे मोठ्याने रडत होते.

मीरा दारात उभी राहून बघत होती. हे काय चाललंय, असं तिने मला विचारलं. मी माझ्या मास्तरकीच्या इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, की आपलं माणूस गेल्याची बातमी कानावर आली की आमच्याकडे लगेच आंघोळ करतात.

काकू हौदातून दुसरी बादली भरत होत्या. "बाई," त्या मला म्हणाल्या, "तिलाबी बोलवा इकडं. आज बाप गेलाय तिचा."